स्कार नक्की कुठे आहे? हृदयातल्या विद्युत सिग्नलवरून खराब झालेली ऊती ओळखणं

शून्यरेषा (धागाकर्ता)

मी सिग्नल प्रोसेसिंगवाला, डॉक्टर नाही. सध्या कॅथेटरने हृदयाच्या आतून घेतलेले सिग्नल चाळायचं काम माझ्याकडे आहे. त्यातल्या एका मुद्द्यावर इथल्या जाणकारांशी भांडायचं आहे, म्हणून हा धागा.

ज्यांचा विषय नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हार्ट अटॅकमध्ये रक्तपुरवठा तुटतो, तेवढ्या भागातल्या स्नायुपेशी मरतात आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्या जागी कोलॅजनचा घट्ट व्रण बनतो. लॅबमध्ये सगळे त्याला स्कार म्हणतात, मीही तेच म्हणेन. स्कारमधून विद्युत लहर जात नाही. सगळा भाग एकजात मेलेला असता तर लयीच्या दृष्टीने फारसं बिघडलं नसतं. घोळ करतात ते स्कारच्या आत आणि कडेला जिवंत राहिलेले स्नायूचे बारीक धागे. त्यांच्यातून लहर जाते, पण रखडत. ती दुसऱ्या टोकाने बाहेर पडेपर्यंत आजूबाजूचा स्नायू पुन्हा उत्तेजित व्हायला तयार झालेला असतो. मग लहर परत आत शिरते आणि गोल फिरत बसते. खालच्या कप्प्यातली ही वेगवान लय म्हणजे व्हीटी, व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. ती जिवावर बेतू शकते. म्हणून कॅथेटर आत नेऊन हे धागे शोधायचे आणि रेडिओफ्रीक्वेन्सीने जाळायचे, याला अ‍ॅब्लेशन म्हणतात.

शोधायचे कसे? रूढ पद्धत व्होल्टेजची. खालच्या कप्प्याच्या आतल्या भिंतीवर बायपोलर सिग्नल (शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमधला फरक) १.५ मिलिव्होल्टच्या वर असेल तर ऊती निरोगी, ०.५ च्या खाली असेल तर दाट स्कार, मधलं सगळं सीमाप्रदेश. नकाशात निरोगी भाग जांभळा आणि दाट स्कार लाल.

माझं म्हणणं असं, की व्होल्टेज हा ऊतीचा गुणधर्म नाहीच. इलेक्ट्रोडचा आकार, दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, लहर कुठून आली आणि कॅथेटर किती टेकला, या सगळ्यांचा मिळून तो आकडा तयार होतो. एकदा त्यावर रंग चढला की हे सगळं विसरलं जातं. सिग्नलचा आकार आणि त्याची वेळ यांत जास्त माहिती आहे आणि आपण ती फेकून देतोय.

पटत नसेल तर खोडून काढा.

---

तिरकस

रुमाल टाकून ठेवतो. मारामारी सुरू झाली की येतो.

---

सावली२

बाळबोध प्रश्न विचारते, राग मानू नका. माझ्या बाबांना काही वर्षांपूर्वी अटॅक आला होता. आता त्यांचा ईसीजी नॉर्मल येतो. म्हणजे स्कार भरून निघाला असं समजायचं का? इतकं आत कॅथेटर घालून का शोधावं लागतं, बाहेरून दिसत नाही?

---

डॉ_ठोका

सावली, प्रश्न मुळीच बाळबोध नाही.

स्कार भरून निघत नाही. ईसीजीतली खूण मात्र पुसट होऊ शकते. अटॅकनंतर जी क्यू लाट दिसते ती काही जणांमध्ये काळानुसार लहान होते, क्वचित नाहीशीही होते. स्कार आकुंचन पावतो, उरलेला स्नायू जाड होतो, आणि बेरीज बदलते. कारण ईसीजी ही बेरीजच आहे. हृदयाच्या सगळ्या भिंतींची वीज एकाच वेळी छातीवर पोहोचते आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून टाकतात. स्कार लहान असेल, किंवा मागच्या भिंतीला असेल, तर ईसीजीच्या बारा लीडमध्ये (बारा बाजूंनी घेतलेल्या नोंदींत) तो निसटू शकतो.

बाबांच्या बाबतीत नेमकं काय ते त्यांचे डॉक्टर इको आणि गरज पडली तर एमआरआय पाहून सांगतील. नॉर्मल ईसीजी ही चांगली बातमी आहे, पण स्कार नाही असा दाखला तो देत नाही. धाप, चक्कर, छातीत धडधड असं काही असेल तर ईसीजी नॉर्मल आहे म्हणून थांबू नका.

शून्यरेषा, तुमच्याशी नंतर भांडतो. ओपीडी आहे.

---

कॅथलॅबकर

मी मॅपिंग सिस्टिमवर बसते, म्हणजे डॉक्टर कॅथेटर फिरवतात आणि मी पडद्यावरचे सिग्नल बघून पॉइंट घेते किंवा टाकून देते. शून्यरेषांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे, आणि तो रोज डोळ्यांसमोर घडतो.

बायपोलर म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला फरक. लहर दोन्ही इलेक्ट्रोडना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने आली तर एकाखाली आधी पोहोचते, दुसऱ्याखाली नंतर, फरक भरघोस येतो. तीच लहर आडवी आली तर दोघांखाली एकाच क्षणी पोहोचते आणि वजाबाकी जवळजवळ शून्य. ऊती तीच, टेकलेपण तेच. कॅथेटर जागच्या जागी थोडा वळवला की ठसठशीत सिग्नल बारीक झालेला मी बघते. नकाशावर तिथे एकदम रंग बदलतो.

दुसरं म्हणजे टेकणं. पूर्वी टेकलाय की नाही हे सिग्नलवरून आणि एक्स-रेवरून अंदाजाने ठरवायचं. आता टोकाशी किती ग्रॅम दाब आहे ते दाखवणारे कॅथेटर आहेत, तरी श्वासाबरोबर टोक हलतंच. न टेकलेला पॉइंट हा फुकटचा स्कार. म्हणून लाल भाग दिसला की आधी आम्ही दाब बघतो, मग सलग दोन-तीन ठोक्यांत सिग्नल सारखा येतोय का ते बघतो, आणि मगच त्या लाल रंगावर विश्वास ठेवतो.

पण 'माहिती फेकून देतोय' हे पटलं नाही. आम्ही फक्त रंग बघत नाही हो. प्रत्येक पॉइंटचा सिग्नल बघतो.

---

शून्यरेषा

कॅथलॅबकर ताई, तुम्ही बघता. पण नकाशा बंद झाल्यावर अहवालात उरतो तो रंगच.

१.५ कुठून आला तेही सांगतो. २००० साली मार्चलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी निरोगी हृदयांमध्ये व्होल्टेज मोजलं. डाव्या खालच्या कप्प्याच्या आतल्या बाजूचे ९५ टक्के सिग्नल ज्याच्या वर होते तो आकडा साधारण १.५. म्हणजे ही निरोगीपणाची खालची हद्द आहे, स्कारची वरची नव्हे. दोन्ही एकच मानणं हे आपण नंतर केलं. शिवाय तो आकडा त्या काळच्या ४ मिलिमीटर टोकाच्या कॅथेटरचा. आज १ मिलिमीटर किंवा त्याहून लहान इलेक्ट्रोड असलेले, पाकळ्यांचे, जाळीचे कॅथेटर वापरतात. लहान इलेक्ट्रोड छोट्या जागेचं ऐकतो. ज्या भागाला मोठ्या टोकाने दाट स्कार ठरवलं, तिथेच लहान इलेक्ट्रोडला जिवंत धाग्याचा टोकदार सिग्नल मिळतो. आणि उंबरठा मात्र अजून तोच!

---

व्यस्तगणित

दिशेचा प्रश्न गणिताने बराच सुटतो. एकाच रेषेवरचे दोन इलेक्ट्रोड घेण्याऐवजी चौकोनी जाळीतले शेजारचे तीन-चार घ्या. दोन लंब दिशांचे बायपोलर मिळाले की त्या जागी विद्युत क्षेत्राचा सदिश काढता येतो, आणि मग कॅथेटर कसाही वळलेला असो, लहरीच्या दिशेने मिळालं असतं ते जास्तीत जास्त व्होल्टेज हिशेबाने काढता येतं. याला ओम्निपोलर म्हणतात. ४ गुणिले ४ अशा १६ इलेक्ट्रोडच्या, ३ मिलिमीटर अंतराच्या जाळीवर हे चालतं.

पण यात एक गृहीतक लपलंय: त्या छोट्या चौकोनापुरती लहर सपाट आहे आणि एकाच दिशेने जातेय. निरोगी ऊतीत ठीक. स्कारच्या कडेला, जिथे लहर फुटते, वळते, दोन बाजूंनी येऊन आदळते, तिथे हे गृहीतकच कोसळतं. म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे उत्तर सर्वांत कच्चं.

युनिपोलरला, म्हणजे एकाच इलेक्ट्रोडच्या सिग्नलला, दिशेचा त्रास नाही, कारण तिथे वजाबाकी जवळच्या इलेक्ट्रोडशी नसते. पण ते लांबचंही ऐकतं.

---

डॉ_ठोका

आलो.

लांबचं ऐकणं हा नेहमी दोष नसतो. बायपोलरला आतल्या पृष्ठभागाचा जेमतेम थर कळतो. अटॅकचा स्कार आतून बाहेर पसरतो, म्हणून आतून बायपोलर पुरतं. पण स्नायूचा आजार रक्तवाहिन्यांमुळे नसेल, तर स्कार अनेकदा भिंतीच्या मध्यात किंवा बाहेरच्या बाजूला असतो. अशा वेळी आतला बायपोलर नकाशा स्वच्छ जांभळा असतो आणि पेशंटला मात्र व्हीटी येत असते. तिथे युनिपोलर कामी येतं. डाव्या खालच्या कप्प्यात आतून ८.३ मिलिव्होल्टच्या खाली युनिपोलर आलं तर बाहेरच्या थरात काहीतरी आहे असा संशय घ्यायचा. उजव्या कप्प्याची भिंत पातळ, म्हणून तिथे ५.५.

उलटा फसवा प्रकार बाहेरच्या बाजूने मॅपिंग करताना होतो. हृदयावर चरबीचा थर असतो. त्याच्या जाड भागावर कॅथेटर ठेवला तर खालचा स्नायू ठणठणीत असूनही व्होल्टेज पडतं.

आता भांडण. शून्यरेषा, तुम्ही म्हणता ते सगळे दोष खरे. पण व्होल्टेज टिकून आहे ते उगाच नाही. टेबलावर भूल दिलेला माणूस आहे. व्हीटी सुरू केली तर रक्तदाब कोसळतो, म्हणजे लय चालू ठेवून तिचा मार्ग शोधायला सवड नसते. अशा वेळी साध्या लयीत कप्पा फिरून 'गडबड या टापूत आहे' एवढं जरी पक्कं कळलं तरी काम निम्म्यावर येतं. त्या २००० सालच्या कामाचा हेतू तोच होता. व्होल्टेज ढोबळ आहे, पण दोन माणसांनी काढलं तरी चित्र साधारण सारखं येतं. तुमच्या 'आकारा'चं तसं आहे का? एकच सिग्नल तीन जणांना दाखवा, एक म्हणेल फ्रॅक्शनेटेड, दुसरा म्हणेल उशिराचा, तिसरा म्हणेल आवाज.

---

तिरकस

आणि चौथा म्हणेल पॉइंट डिलीट करा.

बाकी डॉक्टर, फ्रॅक्शनेटेड म्हणजे काय ते आमच्यासारख्या रुमालवाल्यांनाही सांगा.

---

शून्यरेषा

हे मी सांगतो, आवडीचा विषय आहे.

मैदानातून गर्दी मोकळी निघाली तर सगळे एकदम दारात येतात. तीच गर्दी अरुंद बोळांतून सोडली तर माणसं दोन-दोन, चार-चार करत, वेगवेगळ्या वेळी, बराच वेळ बाहेर पडत राहतात. निरोगी स्नायूत इलेक्ट्रोडखालच्या पेशी जवळजवळ एकदम पेटतात, त्यामुळे सिग्नल उंच आणि आखूड असतो. स्कारमध्ये जिवंत धागे कोलॅजनने एकमेकांपासून तोडलेले असतात. प्रत्येक धागा आपल्या वेळेला पेटतो. मग उंच टोकाऐवजी बुटक्या दातऱ्यांची लांबलचक रांग दिसते. हा फ्रॅक्शनेटेड सिग्नल. आणि एखादा धागा इतका मागे पडतो, की बाकीचा कप्पा पेटून संपला, ईसीजीतलं क्यूआरएस (खालचे कप्पे पेटतानाची लाट) संपलं, तरी त्याची एकटी टोकदार खूण नंतर येते. ते लेट पोटेन्शियल.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये द बाकर आणि सहकाऱ्यांनी अटॅक येऊन गेलेल्या हृदयांच्या ऊतीवर हे बारकाईने तपासलं आणि १९९३ मध्ये दाखवलं की लहर अशा धाग्यांतून नागमोडी जाते. पेशींचा स्वतःचा वेग फार कमी झालेला नसतो, रस्ताच लांब झालेला असतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. व्होल्टेज सांगतं की इथे जिवंत स्नायू थोडा उरलाय. आकार सांगतो की तो कसा तुटलाय. व्हीटी होणार की नाही हे दुसऱ्यावर ठरतं.

---

कॅथलॅबकर

यात रोजचा झगडा असतो तो जवळचं की लांबचं हे ओळखण्याचा. स्कारच्या भागात दोन सिग्नल दिसतात. एक बोथट, ऐसपैस. दुसरा बारीक पण टोकदार. बोथट असतो तो बहुधा शेजारच्या निरोगी भिंतीचा लांबून आलेला. टोकदार असतो तो कॅथेटरखालचा. सिस्टिम व्होल्टेज मोजताना त्या खिडकीतलं सर्वांत उंच शिखर घेते, म्हणजे बरेचदा लांबच्याचं मोजते! अशा वेळी नकाशा म्हणतो १.८, निरोगी, आणि खरा स्थानिक सिग्नल असतो ०.२ चा, उशिराने येणारा. हाताने खुणेची रेघ सरकवावी लागते.

शंका आली तर डॉक्टर तिथूनच पेसिंग करून बघतात. कॅथेटरच्या टोकातून करंट देऊन कप्पा धडकतो का ते बघायचं. १० मिलिअँपिअर, २ मिलिसेकंद देऊनही प्रतिसाद नाही, तर ती जागा विद्युतदृष्ट्या निर्जीव धरतात. अगदी कमी व्होल्टेजच्या जागेतून कप्पा पटकन धडकला, आणि करंट दिल्यापासून क्यूआरएस सुरू व्हायला बराच उशीर लागला, तर लॅबमध्ये सगळे सरसावून बसतात. त्या जागेतून बाहेर पडायचा रस्ता लांब आहे असा त्याचा अर्थ.

---

डॉ_ठोका

ताईंनी सांगितलं त्याला जोडून एक. सिग्नल विश्रांतीत बघण्यापेक्षा ताण देऊन बघावा. साध्या लयीत काही धागे अगदी वेळेवर पेटतात, सिग्नल बोथट सिग्नलमध्ये लपून जातो. मग एक जादा ठोका थोडा लवकर टाकायचा. निरोगी ऊती तो सहज पुढे नेते. आजारी धागा अडखळतो, त्याचा सिग्नल मागे सरकतो आणि लपलेला टोकदार भाग सुटा होऊन दिसतो. अशा मागे सरकणाऱ्या जागा व्हीटीच्या मार्गाशी जास्त जुळतात. शून्यरेषा, तुमच्या बाजूने एवढं मान्य करतो.

लहर कुठल्या बाजूने स्कारमध्ये शिरते यावरही लेट पोटेन्शियल दिसणार की नाही ते ठरतं. उजव्या कप्प्यातून पेसिंग केलं की काही नवीन उगवतात, काही मावळतात. त्यामुळे 'इथे लेट पोटेन्शियल नाही' या वाक्याला 'या लयीत' हे शेपूट लावलंच पाहिजे.

---

सावली२

हळूहळू समजतंय. मग हे उशिराचे सिग्नल छातीवरून पकडता येत नाहीत का? बाबांना आत कॅथेटर घालायचं म्हटलं तर ते घरातून पळून जातील.

---

शून्यरेषा

येतात! आणि हे काम जुनं आहे. सिग्नल-अ‍ॅव्हरेज्ड ईसीजी, सिमसन, १९८१. सिग्नल प्रोसेसिंगवाल्याने डोळे भरून बघावं असं काम आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

छातीवर पोहोचेपर्यंत लेट पोटेन्शियल काही मायक्रोव्होल्टचं उरतं. स्नायूंचा आणि यंत्राचा आवाज त्याहून मोठा. उपाय म्हणजे एकसारखे ठोके एकावर एक रचून सरासरी काढायची. सिग्नल दर ठोक्याला तोच, आवाज मात्र बेभरवशाचा, म्हणून आवाज ठोक्यांच्या वर्गमुळाने घटतो. २५६ ठोके घेतले तर १६ पट.

मेख आहे रचण्यात. ठोके एकमेकांवर अचूक बसले नाहीत तर बारीक, वेगवान भागच आधी पुसला जातो. जुळणीतली चूक प्रमाण विचलनाने १ मिलिसेकंद जरी असली तरी सरासरी ही साधारण १३२ हर्ट्झच्या लो-पास (वेगवान भाग गाळणाऱ्या) फिल्टरसारखी वागते. म्हणजे जे शोधायला निघालो तेच गाळून टाकलं.

दुसरी मेख फिल्टरमध्ये. क्यूआरएसचा मोठा धक्का हाय-पास (संथ भाग गाळणाऱ्या) फिल्टरमधून गेला की त्याच्यामागे शेपटीसारखी थरथर उरते, आणि ती नेमकी लेट पोटेन्शियलच्या जागेवर पडते. सिमसन यांनी फिल्टर पुढून क्यूआरएसच्या मध्यापर्यंत चालवला आणि मग सिग्नलच्या शेवटाकडून उलटा मध्यापर्यंत. दोन्ही थरथरी क्यूआरएसच्या पोटात पडल्या, कडा स्वच्छ राहिल्या. किती साधं आणि किती चलाख!

४० हर्ट्झच्या फिल्टरनंतरचे रूढ निकष: गाळलेलं क्यूआरएस ११४ मिलिसेकंदांहून लांब, शेवटच्या ४० मिलिसेकंदांचं आरएमएस (एक प्रकारची सरासरी) व्होल्टेज २० मायक्रोव्होल्टच्या खाली, आणि ४० मायक्रोव्होल्टखालची शेपटी ३८ मिलिसेकंदांहून लांब.

---

डॉ_ठोका

आणि तरीही आज मी ही तपासणी फारशी लिहून देत नाही, तेही सांगायला हवं. नॉर्मल आली तर धीर देते, पण अ‍ॅबनॉर्मल आली म्हणून त्या माणसाला व्हीटी होईलच असं नाही. बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या वीज वाहून नेणाऱ्या मुख्य वाटेत अडथळा) असेल तर निकषच कोलमडतात. अँजिओप्लास्टीने वेळेत रक्तवाहिनी उघडायला लागल्यापासून तिचा उपयोग आणखी घटला.

सध्या कुठल्याही दवाखान्यात होणारी गोष्ट म्हणजे साध्या ईसीजीतलं तुटकं क्यूआरएस. लाटेवर जादा खाच, जादा टोक, शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये. २००६ मध्ये दास आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जुन्या अटॅकच्या बाबतीत ही खूण क्यू लाटेपेक्षा जास्त स्कार पकडते. पण ही खाच वेगवान असते. ईसीजी थरथरीत येतो म्हणून टेक्निशियन मसल फिल्टर चालू करतो, तो ३५-४० हर्ट्झच्या वरचं सगळं कापतो, आणि कागद देखणा येतो. खाच गेली! कागदाच्या कोपऱ्यात फिल्टरचा आकडा छापलेला असतो. १५० असला तरच खाच नाही असं म्हणा.

---

व्यस्तगणित

छातीवरून आतलं चित्र काढायचा आणखी एक मार्ग आहे, ईसीजी इमेजिंग. धडभर शेकडो इलेक्ट्रोड, सीटी स्कॅनमधून हृदय आणि धडाचा आकार, आणि मग छातीवरच्या व्होल्टेजवरून हृदयाच्या पृष्ठभागावरचं व्होल्टेज उलट दिशेने काढायचं. योराम रुडी यांच्या गटाने २००४ मध्ये माणसांवर हे करून दाखवलं.

अडचण अशी की हा प्रश्न दुःस्थित आहे. हृदयापासून छातीपर्यंत येताना बारकावे पसरट होतात. उलट जाताना ते परत आणायचे तर आवाजही तितकाच फुगतो. म्हणून गुळगुळीतपणाची अट घालावी लागते, आणि अट घातली की स्कारच्या धारदार कडा आणि बारीक दातऱ्याच पहिल्यांदा जातात. ठोका कुठून निघाला हे ढोबळमानाने कळतं. मिलिमीटरभर धागा कळेल अशी आशा मी धरणार नाही.

---

तिरकस

आता माझी पाळी. एवढी डोकेफोड कशाला? सिग्नल द्या एआयला. 'ईसीजीवरून हार्ट अटॅक ९९ टक्के अचूक' असे पेपर पैशाला पासरी मिळतात.

---

शून्यरेषा

तिरकस, तुम्ही मुद्दाम काडी टाकलीत हे कळतंय, तरी उत्तर देतो.

त्यातले बरेच पेपर पीटीबी नावाच्या जुन्या खुल्या संग्रहावर आहेत. २९० माणसांच्या ५४९ नोंदी, सेकंदाला १००० नमुने. काहींनी काय केलं, नोंदींचे ठोके सुटे केले, सगळे एकत्र पिसले, आणि त्यातले काही शिकायला, काही परीक्षेला ठेवले. म्हणजे एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे. प्रत्येकाचा ईसीजी आपापल्या वळणाचा असतो. मॉडेलने आजार नाही, माणूस ओळखला! विभागणी माणसांनुसार केली की तो ९९ चा तोरा उतरतो. शिवाय त्या संग्रहात निरोगी माणसं फक्त ५२ आणि अटॅकची १४८. सगळ्यांना डोळे मिटून अटॅक म्हटलं तरी या दोन गटांत चारातली जवळजवळ तीन उत्तरं बरोबर.

आता पीटीबी-एक्सएल आहे, अठरा हजारांवर माणसांचा, आणि त्यात विभागणी आधीच माणसांनुसार करून दिलेली आहे. तिथे काम करणाऱ्यांचे आकडे कमी आहेत आणि मला ते जास्त खरे वाटतात.

आतल्या सिग्नलच्या बाबतीत आणखी पंचाईत. शिकवायला 'खरं उत्तर' कुठून आणणार? व्होल्टेजच्या उंबरठ्यावरून लेबल लावलं तर मॉडेल उंबरठाच शिकणार.

---

डॉ_ठोका

लेबलसाठी एमआरआय आहे. गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यावर दहा-वीस मिनिटांनी चित्र काढलं की निरोगी स्नायू काळा आणि स्कार पांढरा दिसतो, कारण कोलॅजनच्या भागात पेशींबाहेरची जागा जास्त, तिथे ते रेंगाळतं. भिंतीच्या किती जाडीत स्कार आहे तेही कळतं, जे आतला कॅथेटर सांगू शकत नाही.

---

कॅथलॅबकर

पण डॉक्टर, एमआरआयवरून काढलेलं हृदयाचं कवच आणि आपला नकाशा एकमेकांवर बसवताना काही मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. धागा तेवढाच असतो. छातीत आयसीडी (धोकादायक लय झटका देऊन थांबवणारं यंत्र) असेल तर त्याच्या धातूमुळे चित्राचा तो भाग बिघडतो, आणि व्हीटीवाल्या बऱ्याच जणांना आयसीडी आधीच बसलेलं असतं.

शिवाय अ‍ॅब्लेशननंतर लगेच मॅपिंग केलं तर जाळलेल्या जागेभोवतीचा सुजलेला भागही गप्प असतो. सिग्नलवरून तो मेलेला दिसतो. सूज उतरली की त्यातला काही पुन्हा वीज नेऊ लागतो. तिथे सिग्नल आपल्याशी खोटं बोललेला नसतो, आज खरंच गप्प आहे. उद्याचं तो सांगत नाही इतकंच.

---

शून्यरेषा

हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, चांगला आहे. गप्प आणि मेलेला यांत फरक करायला सिग्नलबरोबर दुसरं मोजमाप लागतं. स्कारऐवजी झोपी गेलेला, रक्त कमी पडल्यामुळे हालचाल थांबवलेला स्नायू शोधतानाही असंच करायचे. व्होल्टेज शाबूत पण भिंत हलत नाही, म्हणजे स्नायू जिवंत आहे. दोन्ही पडलेलं, म्हणजे स्कार.

डॉक्टर, आता सांगा. उंबरठा काढून टाकून प्रत्येक पॉइंटला व्होल्टेज, सिग्नलची लांबी, जादा ठोक्यावर किती मागे सरकला, आणि जवळचं-लांबचं वेगळं करण्यासाठी त्यातली वरची वारंवारता, असे चार आकडे दिले तर लॅबमध्ये वापराल का?

---

डॉ_ठोका

चार नकाशे शेजारी शेजारी लावलेत तर नाही, केस चालू असताना मला चार पडदे वाचायला वेळ नसतो. एकाच नकाशावर, व्होल्टेजचा ढोबळ रंग तसाच ठेवून, फक्त 'मागे सरकणाऱ्या' जागांवर ठिपके दिलेत तर उद्यापासून. आणि ठिपक्यावर बोट ठेवलं की कच्चा सिग्नल उघडला पाहिजे, फिल्टरच्या आकड्यासकट.

---

कॅथलॅबकर

आणि दाबाचा आकडापण. त्याशिवाय मी ठिपका मानणार नाही.

---

सावली२

बाबांचा जुना ईसीजी काढून बघितला. कोपऱ्यात ४० हर्ट्झ छापलंय. पुढच्या तपासणीला जाताना फिल्टरबद्दल विचारेन, आणि इकोबद्दलही.

---

तिरकस

रुमाल उचलतो. मारामारी झालीच नाही, निषेध.